माहिती म्हणजे नेमकं काय? निरर्थक फाइलमध्ये 'जास्त माहिती' कशी असेल?

महापेकर | सोमवार, रात्री ११:५२

महापे एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरमध्ये बॅकअपचं काम बघतो. ग्राहकांच्या फाइल्स रात्री साठवणीत जातात आणि जाता जाता कॉम्प्रेस होतात. परवा दोन फोल्डर एकामागोमाग आले, दोन्ही साधारण ४० जीबीचे. पहिल्यात कुठल्याशा संस्थेची जुनी मराठी परिपत्रकं, सभांची इतिवृत्तं, पत्रव्यवहार. तो ५ जीबीवर आला. दुसरा एन्क्रिप्ट केलेला, उघडून पाहिलं तर डोळ्यांपुढे नुसता चिन्हांचा चिखल. तो मात्र ४० चा ४०च राहिला.

शिफ्टचे सीनियर म्हणाले, "दुसऱ्यात माहिती जास्त आहे, म्हणून दबत नाही."

मला हे काही पटेना. पहिल्यात माणसांच्या बदल्या आहेत, पगारवाढी आहेत, कोणाची तरी निवृत्ती आहे. दुसऱ्यात वाचण्यासारखं एक अक्षर नाही. आणि माहिती म्हणे दुसऱ्यात जास्त!

थोडं वाचून काढलं. या सगळ्याच्या मुळाशी अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजचे क्लॉड शॅनन. १९४८ च्या जुलै आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा लेख दोन भागांत आला आणि माहिती मोजता येते, तिला एकक आहे, हे पक्कं झालं. एककाचं नाव बिट, म्हणजे दोन सारख्या शक्यतांतून एकाची निवड; ते नाव जॉन टुकी यांनी सुचवलं होतं. त्याआधी १९२८ साली बेलचेच राल्फ हार्टली म्हणून गेले होते की निरोप पाठवणारा दर वेळी काही ठरावीक चिन्हांतून एक निवडतो. तेव्हा किती पर्यायांतून निवड झाली ते बघा, त्या संख्येचा लॉगॅरिदम घ्या, ती माहिती. ऐकणाऱ्याच्या मनात काय चाललंय हा भाग त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवला.

इथवर समजलं. पण मग अर्थ कुठे गेला? इंजिनियर मोजतात ती माहिती आणि आपण गावभर विचारत फिरतो ती माहिती, यांचा एकमेकींशी काही संबंध आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नौपाडा_कटिंग | सोमवार, रात्री ११:५९

रात्री बारा वाजता हा प्रश्न? जागा धरून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

चरईचे_मास्तर | मंगळवार, सकाळी ७:१०

महापेकर, तुमचे सीनियर अर्धे बरोबर आहेत.

आधी बरोबर असलेला अर्धा भाग. हार्टलींच्या हिशोबात सगळे पर्याय सारखे धरलेले होते. शॅननने त्यात शक्यता आणली. जुलैत ठाण्यात कोणी म्हणालं "उद्या पाऊस पडेल", तर तुम्ही मान वर करूनही बघणार नाही. समजा जुलैत पावसाची शक्यता १६ पैकी १५ आहे. मग या वाक्यात ०.१ बिटही भरत नाही. जानेवारीत तीच शक्यता समजा ६४ त एक. तेव्हा त्याच वाक्यात ६ बिट (दोनाला दोनाने गुणत गेलं की सहाव्या दोनाला ६४ होतात). शब्द तेच, बोलणारा तोच. फरक एवढाच की दुसरं काय घडू शकलं असतं. माहिती निरोपाच्या पोटात नसते, ती *न आलेल्या* निरोपांच्या हिशोबाने ठरते. सगळी गंमत इथे आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच वगळून पुढे जातात.

परिपत्रकात "उपरोक्त विषयान्वये" आलं की पुढे "आपणांस कळविण्यात येते की" येणार हे शेंबडं पोरही सांगेल. जे सांगता येतं ते साठवायची गरज नाही. म्हणून ४० चे ५ झाले. चिखलात पुढचं चिन्ह कुठलं याचा काहीच अंदाज लागत नाही, म्हणून सगळंच ठेवावं लागतं.

आता चुकलेला अर्धा भाग. समजा त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये हीच परिपत्रकं कुलूपबंद केलेली आहेत आणि किल्ली २५६ बिटांची आहे. किल्लीवाल्याच्या दृष्टीने त्यात ५ जीबी आणि वर ते २५६ बिट, एवढाच ऐवज. तुमच्या दृष्टीने ४० जीबी. फाइल एकच! तेव्हा "फाइलमध्ये किती माहिती" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाला, आधी काय ठाऊक असताना, हे जोडल्याशिवाय उत्तर देऊ नये.

याचा आणखी एक पैलू रशियन गणिती कोल्मोगोरोव यांनी १९६५ साली मांडला: एखादी अंकमालिका हुबेहूब छापणारा सगळ्यात छोटा प्रोग्राम केवढा, तेवढी तिच्यात माहिती. वर्तुळाच्या 'पाय'चे (π) एक कोटी अंक बघा, काही क्रम दिसणार नाही, पण ते काढणारा प्रोग्राम वहीच्या एका पानावर मावतो. तुमचं कॉम्प्रेशनचं सॉफ्टवेअर मात्र तिथे हात टेकेल.

अर्थाबद्दल म्हणाल तर शॅननने लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात हात झटकलेत. निरोपांना बहुधा अर्थ असतो, पण इंजिनियरिंगच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, असं स्वच्छ लिहिलंय. त्यांना तारा आणि टेलिफोन भरवशाने चालवायचे होते.

लिपीवेडी (सानपाडा) | मंगळवार, सकाळी ९:३४

मास्तर, सुंदर प्रतिसाद. पण ४० चे ५ होण्याचं सगळं श्रेय सरकारी भाषेला देऊ नका! थोडं देवनागरीच्या साठवणीलाही द्या.

अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, वेलांटी, हलन्त, सगळ्यांना तीन-तीन. आणि त्या तिघांतला पहिला बाइट कायम २२४. दुसरा फक्त १६४ किंवा १६५. म्हणजे देवनागरी चिन्ह येतंय एवढं कळलं की पहिल्या बाइटचे ८ बिट चक्क कोरे, दुसऱ्यात फार तर १ बिट, आणि खरं काय ते तिसरा बाइट सांगतो. मशीन पहिल्या फेरीतच हे ओळखतं.

जाता जाता, १६४ आणि १६५ ची हद्द बरोबर दोन वेलांट्यांच्या मधून जाते. अ पासून पहिल्या वेलांटीपर्यंत १६४, दुसऱ्या वेलांटीपासून पुढे १६५. ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं तर शुद्धलेखनवाले रागावतात, इथे आख्खा बाइट बदलतो :)

जुळाऱ्याचा_मुलगा | मंगळवार, दुपारी १:२०

शॅननच्या आधी शंभर वर्षं ही अक्कल छापखान्यात होती, हे कोणीतरी लिहायला हवं.

वडील ठाण्यात एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे शिशाचे खिळे (सुटी अक्षरं) जुळवून मजकूर तयार करायचे. शाळा सुटल्यावर मी तिथेच पडीक असायचो. खिळ्यांच्या केसमध्ये सगळे खण सारखे नसतात. कान्याचा खण मोठा आणि हाताच्या अगदी पुढ्यात, त्यात खिळे ओतलेले. 'र', 'त', 'य' जवळपास. 'ङ' आणि 'ञ' पार वरच्या कोपऱ्यात, चिमूटभर. वडील खाली न बघता जुळवायचे. वर्तमानपत्राच्या एका पानाला काने किती लागतील याचा त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि कमी पडले तर मजकुरातला शब्द बदलून घ्यायला संपादकाकडे जायचे, हेही पाहिलंय.

मोर्सच्या तारेची लिपी ठरवताना त्याचा सहकारी अल्फ्रेड व्हेल छापखान्यात गेला आणि इंग्रजी खिळ्यांच्या केसमधली अक्षरं मोजून आला, असं सांगतात. सगळ्यात जास्त खिळे 'ई' चे, म्हणून 'ई' ला एकच टिंब. 'टी' ला एक रेघ. क्वचित लागणाऱ्या 'क्यू' ला चार खुणा. वारंवार येणाऱ्याला छोटं, क्वचित येणाऱ्याला लांब. शॅननने याचं गणित केलं आणि यापेक्षा आखूड करताच येणार नाही अशी हद्द कुठे आहे ते सिद्ध केलं. श्रेय त्यांचंच. पण कल्पना शिशाच्या वासात वाढली.

कोपरीचा_अर्जदार | मंगळवार, दुपारी ३:०५

तुम्ही सगळे बिट मोजताय, आम्ही माहिती झेरॉक्सच्या पानांवर मोजतो. माहिती अधिकार कायदा २००५, कलम २(च). त्यातली व्याख्या वाचा: अभिलेख, दस्तऐवज, ज्ञापनं, ई-मेल, अभिप्राय, सूचना, परिपत्रकं, आदेश, रोजवह्या, संविदा, अहवाल, नमुने, प्रतिमानं... रस्त्यात वापरलेल्या खडीचा नमुनासुद्धा कायद्याने माहिती आहे. तुमच्या शॅननना म्हणावं, घ्या मोजायला खडी.

गंमत सोडा, एक गंभीर मुद्दा. मी एका कार्यालयात अर्ज टाकला होता, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. एका वर्षात पाण्याच्या गळतीच्या तक्रारींवर काय कारवाई झाली, एवढंच विचारलं होतं. उत्तरात तक्ता आला. अनुक्रमांक, विभाग, तक्रारीचा दिनांक, कारवाई. कारवाईच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: निरंक. निरंक. निरंक.

आता सांगा, यात माहिती किती? माझ्या मते ढीगभर. त्या रकान्यावर आम्ही आख्खी सोसायटी गोळा केली.

दुसऱ्या अर्जाला तर उत्तरच नाही. कायदा म्हणतो ३० दिवसांत निर्णय आला नाही तर नकार दिला असं समजायचं. म्हणजे न आलेलं पत्रसुद्धा पत्रच, आणि त्यावर अपील करता येतं!

महापेकर | मंगळवार, रात्री ११:१५

अर्जदार साहेब, दंडवत. मास्तर म्हणतात त्या "दुसरं काय येऊ शकलं असतं" मध्ये निरंक चपखल बसतो. तुम्हाला "दुरुस्ती केली", "ठेकेदारास नोटीस" असं काही अपेक्षित होतं म्हणून त्याला वजन आलं. दहा वर्षं सगळ्याच तक्त्यांत निरंक येत असतं तर कोणी बघितलंही नसतं.

लिपीवेडी: तीन बाइटचं मी उद्या खरंच फाइल उघडून बघणार आहे.

वाशीचे_वेदान्ती | बुधवार, सकाळी ६:४५

अर्जदारांनी नकळत मीमांसकांच्या दारावर टकटक केली आहे, म्हणून लिहितो.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैती (आपल्या तत्त्वज्ञानातल्या दोन परंपरा) सहा प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची सहा साधनं, मानतात. सहावं अनुपलब्धी. समोर घट दिसत नाही यावरून घट *नाही* हे कळतं. पण त्याला अट आहे: योग्य अनुपलब्धी हवी. घट असता तर दिसला असता, अशी स्थिती पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. तुमच्या न आलेल्या पत्राला अर्थ का? कारण ३० दिवसांची मुदत आहे, पत्र यायलाच हवं होतं. मुदत नसती तर तो नुसता अंधार.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची. प्रमा, म्हणजे खरं ज्ञान, कशाला म्हणायचं? वेदान्तपरिभाषा या ग्रंथात उत्तर आहे: विषय अनधिगत हवा आणि अबाधित हवा. अनधिगत म्हणजे आधी न कळलेला, अबाधित म्हणजे नंतर खोटा न ठरणारा. म्हणून स्मृती वेगळी काढली. आठवण कितीही खरी असली तरी नवं काही देत नाही. यावर लगेच शंका निघाली, की घटाकडे एकटक बघत राहिलं तर दुसऱ्या क्षणीचं ज्ञान जुनंच, मग ते प्रमा नाही का? याला धारावाहिक ज्ञान म्हणतात. एक उत्तर असं, की दुसऱ्या क्षणी "आताही आहे" हा काळाचा भाग नवा असतो. नैयायिकांपैकी (न्यायदर्शनवाल्यांपैकी) जयंत भट्टांना नवेपणाची अटच मान्य नव्हती. कित्येक शतकं हा वाद रंगला.

मास्तरांच्या जुलैतल्या पावसाचा आणि धारावाहिक घटाचा प्रश्न मला एकाच घराण्यातला वाटतो.

उगाच_शंका | बुधवार, सकाळी १०:०२

झालं! सगळं आमच्याकडे आधीच होतं. पुष्पक विमानानंतर आता बिटही.

वाशीचे_वेदान्ती | बुधवार, सकाळी १०:४०

अजिबात नाही, आणि असं मी म्हटलेलंही नाही. मीमांसकांनी नवेपणाची अट घातली, नवेपणा *मोजला* नाही. लॉगॅरिदम नव्हता, शक्यतेचं गणित नव्हतं, आणि मुख्य म्हणजे मोजायची गरज नव्हती. त्यांना वेदाचं प्रामाण्य सांभाळायचं होतं. शॅननना लाइनी सांभाळायच्या होत्या. दुसरा मोठा फरक 'अबाधित' या अटीत आहे. शॅननच्या लेखी खोटा निरोप आणि खरा निरोप यांचं वजन सारखंच. आमच्याकडे खोट्याला प्रमेच्या पंगतीत पानच वाढत नाहीत.

ऐरोली_चिलर | बुधवार, दुपारी १२:३०

मी डेटा सेंटरांची एसी यंत्रणा बघतो, तेव्हा उष्णतेबद्दल दोन शब्द. माहिती हा नुसता हिशोब नाही, तिला फिजिक्सचं बिल येतं.

भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६७ मध्ये एक भूत कल्पिलं. डब्यात मधोमध पडदा, पडद्याला इवलंसं दार, दारावर भूत. वेगवान रेणू आला की इकडे सोडायचा, मंद आला की तिकडे. कष्ट न करता एक बाजू तापते, दुसरी गार होते. असं झालं तर माझी नोकरी गेलीच. १९२९ मध्ये झिलार्ड यांनी दाखवलं की गोम रेणू *ओळखण्यात* आहे: भुताला काहीतरी कळतंय आणि ती माहिती फुकट नाही. नेमकं बिल कुठे फुटतं ते आयबीएमच्या लँडाउअर यांनी १९६१ साली सांगितलं: माहिती पुसताना. खोलीच्या तापमानाला १ बिट पुसला की कमीत कमी सुमारे ३ गुणिले १० चा उणे २१ वा घात ज्यूल एवढी उष्णता बाहेर पडणारच. भुताची वही कधीतरी भरणार, पुसावी लागणार, आणि तिथे तो पकडला जाणार. ही शेवटची गाठ चार्ल्स बेनेट यांनी १९८२ मध्ये सोडवली. २०१२ साली लेझरने पकडलेल्या काचेच्या एका सूक्ष्म मण्यावर प्रयोग करून लँडाउअरची हद्द पडताळली गेली.

महापेकर, तुमचा १ टीबी पुसायला निसर्ग जेमतेम ०.०००००००२३ ज्यूल मागतो. आपल्या छतावरचे चिलर रात्रंदिवस कोकलत असतात ते निसर्गाच्या भाड्यामुळे नव्हे, आपल्या यंत्रांच्या उधळपट्टीमुळे.

दहा_ए | बुधवार, रात्री ८:५०

ठाण्याच्या १०अ फलाटावर पनवेल गाडीची वाट बघत हा धागा वाचतोय. कालपासून एक प्रश्न छळतोय. जे अंदाजाने कळतं ते फुकट जागा खातं, हे मान्य. मग स्टेशनवर एकच घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीनदा का?

आणि लोकलच्या कपाळावरची अक्षरं बघा. कल्याणला 'के', अंबरनाथला 'ए', पण कर्जतला 'एस' आणि कसाऱ्याला 'एन'. नवा माणूस 'एन' बघून नाहूर समजला तर कसाऱ्याला जाऊन पोचेल. तिथे आखूड केलंय, घोषणेत लांबवलंय.

चरईचे_मास्तर | बुधवार, रात्री ९:३५

कारण फलाटावर गोंगाट आहे. शॅननच्या लेखाचा दुसरा अर्धा भाग यावरच आहे आणि माझ्या मते तोच मोठा. आवश्यकतेपेक्षा जास्त पाठवणं ही उधळपट्टी नाही, तो विमा आहे. प्रत्येक वाहिनीला, म्हणजे निरोप जातो त्या मार्गाला, एक क्षमता असते. त्या क्षमतेच्या आत राहून नीट विचार करून भर घातली, तर गोंगाटातूनही चुका हव्या तितक्या कमी करता येतात. १९४८ पूर्वी जाणकारांचा समज होता की चुका कमी हव्या असतील तर वेग सोडावाच लागेल, शून्याकडे नेत नेत. शॅननने सांगितलं, क्षमतेपर्यंत नाही सोडावा लागत. मोबाइल, डिश, मंगळाजवळून येणारी छायाचित्रं, सगळी या एका प्रमेयाच्या जिवावर.

तीनदा बोलणं ही भर घालायची ढोबळ रीत झाली. हुशार रीत खिशात आहे: आधारचा क्रमांक. १२ अंकांतले पहिले ११ मजकुराचे, शेवटचा त्या ११ वरून काढलेला तपासणीचा. व्हर्होफ यांची पद्धत आहे, १९६९ ची. एक अंक चुकीचा टाकला, किंवा शेजारचे दोन वेगवेगळे अंक उलटसुलट टाकले, तर ती हमखास पकडते. बाराव्या अंकात नवी माहिती शून्य, पण तो नसता तर तुमच्या रेशनची नोंद भलत्याच्या नावावर चढायची.

कपाळावरचं 'एन' नेहमीच्या प्रवाशासाठी आहे. त्याच्या डोक्यात यादी आधीच आहे. त्याला एक अक्षर पुरतं. इथेही किल्ली लागतेच.

नौपाडा_कटिंग | गुरुवार, सकाळी ८:१५

मग माझा बाळबोध प्रश्न. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरला, "शुक्रवारी शटडाऊन, २४ तास पाणी नाही". लोकांनी बादल्या, पिंप, कुकरसुद्धा भरून ठेवले. शुक्रवारी पाणी धो धो. मेसेज जुना होता, तारीखच नव्हती. ती माहिती होती की नव्हती? आठ जणांनी फॉरवर्ड केला होता, हेही सांगून ठेवतो.

चरईचे_मास्तर | गुरुवार, सकाळी ९:००

शॅननच्या हिशोबाने पहिल्यात होती, पुढच्या सातांत जवळपास काही नाही. खरं-खोटं तो विचारत नाही.

अर्थासकट माहिती मोजायचा प्रयत्न कार्नॅप आणि बार-हिलेल या तत्त्वज्ञांनी १९५२ मध्ये केला. जे विधान जास्त शक्यता बाद करतं त्यात जास्त माहिती. छान वाटतं, पण मग "शुक्रवारी पाणी येईल आणि येणार नाही" हे विधान सगळ्याच शक्यता बाद करतं, म्हणजे त्यात सर्वाधिक माहिती! त्यांना हे ठाऊक होतं. ते म्हणाले, अशी विधानं माहितीने इतकी ठासलेली असतात की खरी असूच शकत नाहीत. पुढे लुचियानो फ्लोरिडी यांच्यासारख्यांनी सरळ अट घातली: खोटी असेल तर ती माहितीच नाही. वेदान्तींच्या 'अबाधित'ची आठवण होते.

मी शॅननच्या बाजूचा. मोजमापात सत्य घुसवलं की मोजणारा न्यायाधीश होतो.

वाशीचे_वेदान्ती | गुरुवार, सकाळी ९:४०

आणि मी दुसऱ्या. पिंपं भरणाऱ्या माणसाला बिटांशी काय करायचंय? त्याला पाणी येणार का ते हवंय.

कोपरीचा_अर्जदार | गुरुवार, सकाळी ११:२५

कायदा मास्तरांच्या बाजूने आहे. माहिती अधिकाऱ्याने दप्तरात जे आहे ते जसंच्या तसं द्यायचं. नोंद खरी की खोटी हे ठरवणं त्याचं काम नाही.

म्हणून मी एकाच दप्तरावर कधी थांबत नाही. त्या गळतीच्या वेळी व्हॉल्व्ह उघडण्याच्या नोंदवहीची प्रत मागवली. तिच्यात महिनाभर रोज सकाळी ६:०० लिहिलेलं, एकाच हाताने, एकाच शाईने. मग आमच्या सोसायटीच्या वॉचमनची वही काढली. तो टाकीत पाणी सुरू झालं की वेळ लिहितो: ६:५०, ७:४०, ७:१५, एके दिवशी ९:०५. दोन्ही पानं शेजारी लावून पहिल्या अपिलाला जोडली. सुनावणीत अधिकाऱ्यांनी त्यांच्या पानाकडे बघितलंसुद्धा नाही, आधी वॉचमनची वही मागितली.